राशिदचं पाणी

माझ्या नवऱ्याला, बेनेडिक्टला, मी काय काम करते ते शेवटपर्यंत कुणाला धड सांगता आलं नाही. जबल अलीच्या चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर अंगणात कुणी विचारलं, की तो म्हणायचा, "मटिल्डा जमिनींचं काहीतरी बघते." पुढच्या आठवड्यात तोच माणूस मला बाजूला घेऊन हळूच विचारायचा, "मॅडम, करामा भागात टू बेडरूमचं भाडं जरा कमी करून मिळेल का?"

मी जमिनी विकत नव्हते आणि भाड्यानंही देत नव्हते. जमिनीवर कुणी काही बांधू नये, यासाठी पैसे गोळा करत होते. ऐकणाऱ्याला हे खुळ्यासारखं वाटतं, हे मलाही ठाऊक आहे. दुबईत तर जास्तच. इथं मोकळी जागा दिसली, की लोकांना ती अजून मोकळी कशी राहिली याचंच नवल वाटतं. बेनेडिक्टनं मला कधी चिडवलं नाही, पण त्याच्या तोंडून माझ्या कामाचं नाव एकदा नीट ऐकावं अशी माझी फार इच्छा होती. ती राहून गेली. तो आता वसईला, आमच्या गावच्या चर्चमागच्या दफनभूमीत आहे आणि मी मुलाच्या व्हिसावर इथं दुबईत, अल बर्शात. म्हणून त्याला सांगायचं होतं ते या अंकाच्या वाचकांना सांगते.

लष्कराच्या विमानतळाला भोवती मोकळी जमीन लागते. विमान उतरताना समोर उंच इमारत नको, रात्री खाली दिव्यांचा झगमगाट नको आणि वस्ती तर नकोच, कारण वस्ती आली की मागोमाग आवाजाच्या तक्रारी येतात. तसंच मोकळं, अंधारं, निवांत वाळवंट हरणांना, सशांना आणि घाफच्या झाडांनाही लागतं. घाफ म्हणजे आपली शमी. दोघांची गरज एकच, पण ती जमीन राखायला कुंपण, राखणदार, पाहणी असा खर्च येतो आणि त्यासाठी वेगळा पैसा दोघांकडेही नसतो. तो असतो एखाद्या मोठ्या कंपनीकडे, जिला आपल्या वार्षिक अहवालात एक हिरवं पान हवं असतं. या तिघांना एका टेबलाशी आणायचं आणि करार होईपर्यंत उठू द्यायचं नाही, एवढंच आमच्या छोट्या ऑफिसचं काम. लग्न जुळवणाऱ्या बाया असतात ना, त्यातलाच प्रकार. फक्त इथं तीन पक्ष आणि तिघांनाही वाटायचं, की आपण दुसऱ्यावर उपकार करतोय.

चौथा पक्ष कागदावर नसायचा, पण जमिनीवर असायचा. इथं जमीन सरकारची, त्यामुळं विकत घेण्याचा प्रश्न येत नाही. पण वाळवंटात उंट पाळणारी जुनी कुटुंबं आहेत आणि त्यांचे गोठे आहेत. त्या गोठ्याला इझबा म्हणतात. पट्टा राखीव करायचा, तर इझबा थोडा इकडेतिकडे हलवावा लागतो. त्यांच्याकडे जाऊन बसणं, कॉफी पिणं, उंटांची तब्येत विचारणं आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत मूळ विषय काढणं हे माझ्याकडे असे. आमचे साहेब, कुरियन नावाचे केरळी गृहस्थ, म्हणायचे, "मटिल्डा, यू ओन्ली गो. मी गेलो की पहिल्या कपातच मी नकाशा काढतो." स्वतःबद्दल इतकं खरं बोलणारा साहेब मला पुन्हा भेटला नाही.

माणसं एकेक भेटली. एका कंपनीच्या चेअरमनना आपल्या हातानं लावलेली घाफची झाडं हायवेवरून दिसायला हवी होती, तीही वर्धापनदिनाच्या आत. घाफ मुळं खोल नेतं, कारण त्याला पाणी शोधायची सवय असते. त्याला रोज नळीनं पाणी पाजलं, की मुळं वरच्या वरच राहतात. आम्ही हे सांगितलं, लिहून दिलं. पण वर्धापनदिन थोडाच थांबणार? नळ्या टाकल्या, झाडं तरारली, फोटो झाले आणि पहिल्याच मोठ्या वाऱ्यात निम्मी आडवी झाली. आमचा फोरमन सावंत, कुडाळकडचा, कमरेवर हात ठेवून बघत म्हणाला, "मॅडम, ह्या झाडांका पाय नाय, नुसती चपलां." पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावली आणि नवे फोटो निघाले.

एक पर्यटकांच्या तंबूंचा मालक होता, आपल्याच अहमदाबादचा. धावपट्टीच्या दिशेला रोज रात्री रंगीत दिव्यांचा खेळ करायचा त्याचा हट्ट. "मॅडमजी, थोडा सा लाइट, पायलट लोग भी एन्जॉय करेंगे." त्याला समजावता समजावता माझे केस पिकले असं मी म्हणते. पिकायचे ते पिकलेच असते, पण त्याच्या नावावर टाकायला बरं वाटतं.

या सगळ्यांना मी हसत आले. ज्या एका गोष्टीला हसता आलं नाही, ती सांगायला बसले आहे.

तो पट्टा एका हवाई तळाच्या धावपट्टीसमोरचा. कुठला तळ ते सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. पट्ट्यात एकच इझबा होता, बू राशिद यांचा. इथं माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, राशिदचा बाप तो बू राशिद, राशिदची आई ती उम राशिद. या इझब्यावर कुरियनही यायचे. पुरुषांच्या बैठकीत बू राशिदबरोबर ते आणि सावंत बोलण्यात रमले, की मी मागच्या दारानं बायकांकडे जायचे. पहिल्याच भेटीत उम राशिदनं मला विचारलं, "बंबईवाली?" मी चाट पडले. तरुणपणी वडिलांच्या डोळ्यांच्या उपचारासाठी ती मुंबईत काही महिने राहिली होती आणि तेव्हाचं हिंदी तिनं जपून ठेवलं होतं. मग विचारलं, "लडके का नाम?" मी म्हटलं, "नायजेल." तेव्हापासून मी उम नायजेल झाले. ऑफिसात सगळे मला मॅडम म्हणायचे. घरी नायजेल 'मम्मा' म्हणायचा, तेही फोनवर बोलता बोलता. एवढ्या आदरानं त्याच्या नावाचा उपयोग दुसऱ्या कुणी केला नाही.

मी तिला खाला म्हणायचे, मावशी या अर्थानं. इझब्यामागं घाफची पाच-सहा मोठी झाडं होती आणि त्यांच्या सावलीत सिमेंटचा एक बुटका हौद. खाला रोज पहाटेची नमाज झाली, की तो घासून धुवायची, नळ सोडायची आणि भरला की बंद करायची. हौदाला आतल्या बाजूनं दगडांचा उतार केलेला होता. पाण्यात पडलेल्या सरड्याला, पाखराच्या पिल्लाला त्यावरून चढून बाहेर येता यावं म्हणून.

"ये राशिद ने बनाया," ती म्हणाली. "छुट्टी पे आया था. मैं बोली पत्थर क्यों डालता है, साफ करने में तकलीफ. बोला, यम्मा, जो गिरेगा वो निकलेगा कैसे?"

राशिद त्याच तळावर आग विझवणाऱ्या दलात होता. एका हिवाळ्यात, सकाळच्या धुक्यात घरी येताना रस्त्यावर आलेल्या उंटाला त्याची गाडी धडकली. तेव्हापासून त्या हौदाचं पाणी राशिदच्या नावाचं. मेलेल्या माणसाच्या नावानं तहानलेल्याला पाणी दिलं, की त्याचं पुण्य त्याला तिकडं पोहोचतं, अशी त्यांची श्रद्धा. आम्ही मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा सांगतो, त्यामुळं मला ते वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही. टँकरचं पाणी ती स्वतःच्या शेळ्यांच्या उत्पन्नातून घ्यायची, नवऱ्याकडूनसुद्धा काही घ्यायची नाही. हेही तिनंच सांगितलं होतं. मला तो तिचा मानीपणा वाटला. त्यापलीकडचा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

सकाळी तिथं होले, म्हणजे छोटी रानकबुतरं, उतरायचे, पाखुर्ड्या यायच्या आणि ऊन चढायच्या आत दोन-चार हरणं. मी खुर्ची टाकून बघत बसायचे. खालानं एकदा विचारलं, "तेरे गाँव में पानी है?" मी तिला आमच्या वसईच्या बावखलाबद्दल सांगितलं. माझ्या माहेरच्या वाडीत घरामागं गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं होतं, त्यावर अख्खी केळीची वाडी शिंपली जायची. "अब?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "अब बिल्डिंग है, खाला." "किसने भरा?" "घरवालों ने ही. भाइयों ने." तिनं जिभेनं चक् केलं. परक्यांच्या जमिनी मोकळ्या ठेवण्यात माझी उमर गेली आणि घरचं तळं बुजत होतं तेव्हा मी इथं एका कंपनीच्या बैठकीत होते. याचं मला वाईट वाटतं आणि ते वाटणं कमी होत नाही.

बोलणी छान चालली होती. बू राशिद इझबा थोडा मागं घ्यायला तयार झाले. तळानं पाठिंबा दिला. पैसे देणाऱ्या कंपनीसाठी एक देखणी पुस्तिका करायची ठरली. आमच्या पाहणीच्या अहवालात त्या हौदाची नोंद मोठ्या कौतुकानं केलेली होती, 'वन्यजीवांसाठी पाणवठा' म्हणून. कंपनीच्या प्रसिद्धी विभागातली एक चुणचुणीत मुलगी फोटो चाळत होती, ती त्याच्यावर थांबली. हौदावर वाकलेली हरणं, भोवती होल्यांचा थवा उडतोय आणि मागं, धूसर, एक विमान. "ओ माय गॉड, ये कवर है," ती म्हणाली. खरोखरच तो फोटो सुंदर होता. आम्हा सगळ्यांना तो आवडला. हवाई तळाशेजारी काम करणाऱ्या माणसांनी पाण्यावरचे पक्षी आणि विमान एका फोटोत पाहिले आणि त्यातला धोका कुणाच्याही लक्षात आला नाही, इतके आम्ही खुश होतो.

लक्षात आला तो तळावरच्या मेजरच्या. उड्डाणाची सुरक्षितता त्याच्याकडे होती. पुस्तिका टेबलावर ठेवून तो शांतपणे म्हणाला, की हा माझा उतरण्याचा मार्ग आहे. एक होला इंजिनात गेला तर विमान परत येतं. थवा गेला तर येत नाही. उघडं पाणी बंद झाल्याशिवाय तळ या करारात राहणार नाही. तो आवाज चढवत नव्हता आणि त्याचं बरोबर होतं, म्हणून भांडायलाही जागा नव्हती. तळ बाहेर पडला, की करार मोडणार. करार मोडला, की तो पट्टा गोदामांसाठी मागणाऱ्यांची रांग तयारच होती. मग हौद, घाफ, इझबा सगळंच जाणार. पाणी गेलं तर बाकीचं राहत होतं, असा तो हिशोब.

आम्ही ते आधी बू राशिदना सांगितलं. त्यांनी कॉफीचा कप हलवून खाली ठेवला, म्हणजे आता नको. मग म्हणाले, "उंट माझे, इझबा माझा, सही मी करतो. पाणी माझं नाही. ज्याचं आहे तिला विचारा." इतके महिने आम्ही पुरुषांच्या बैठकीत नकाशे पसरून बसलो होतो आणि जिची संमती हवी होती ती मागच्या अंगणात हौद घासत होती. कुरियननी माझ्याकडे पाहिलं. मी उठले.

कसं सांगावं याची मी मनात बरीच तयारी केली होती. प्रत्यक्षात सगळं दोन वाक्यांत संपलं. खालानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सच में गिरता है? चिड़िया से?"

"गिर सकता है, खाला."

"राशिद वहीं काम करता था. आग बुझाता था." ती हौदाकडे बघत होती. "गिरेगा तो राशिद के दोस्त लोग दौड़ेंगे."

मला वाटलं, आता ती हो म्हणेल. तिनं नाही म्हटलं. "मैं बंद नहीं करूँगी. माँ नहीं करेगी. जिसको बंद करना है, वो आए. तेरा आदमी नहीं. खुद आए."

ऑफिसात सगळ्यांना ते अवघड वाटलं. मेजर कशाला येईल एका नळासाठी, पाइप कापायला सावंत आहेच. सावंत एरवी कुठल्या कामाला नाही म्हणायचा नाही, तो म्हणाला, "माझ्यान नाय होवचा, मॅडम. त्या बायच्या हातचा पाणी मी प्यालंय." मी मेजरला निरोप पाठवला. वाटलं नव्हतं, पण तो दोन दिवसांत आला. गणवेशात नव्हे, साध्या पांढऱ्या कंदुऱ्यात, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यात, एकटा, स्वतः गाडी चालवत.

खालानं त्याला पाहिलं आणि बुरख्याच्या आत तिचा आवाज बदलला. ते दोघं अरबीत बोलले. माझं अरबी बाजारापुरतं, तरी एवढं कळलं. ती म्हणाली, "तू तीन दिवस बसला होतास." राशिद गेला तेव्हा दुखवट्याच्या तंबूत हा तीन दिवस बसून होता. राशिद त्याच्याच हाताखाली होता. आपण कुणाचा हौद बंद करायला सांगतोय ते मेजरला पुस्तिकेच्या फोटोवरून कळलं नव्हतं, निरोपातल्या नावावरून कळलं. म्हणून तो असा आला होता.

तिनं नळ सोडला, वाटी भरली आणि त्याला दिली. तो वाळूत उकिडवा बसला, तीन घोटांत पाणी प्यायला आणि वाटी दोन्ही हातांनी परत दिली. मग त्यानं हौदाच्या कडेचा व्हॉल्व्ह फिरवला. तो घट्ट होता, त्याला जोर लावावा लागला. "खलास," खाला म्हणाली, नळाला उद्देशून म्हणाली की मेजरला, मला सांगता येणार नाही. मेजर उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत.

पण पाखरांना करार कुठून कळणार? हौद कोरडा पडला तरी होले येत राहिले, काठावर बसून वाट बघायचे. म्हणजे धोका होता तसाच होता. अशा वेळी पक्षी हुसकवायला मोठा बार काढणारं यंत्र लावतात. ते घेऊन सावंत गेला, तर खालानं त्याला गाडीतून उतरू दिलं नाही. "मैंने बुलाया इनको. मैं ही बोलूँगी." त्यानंतर ती रोज सकाळी त्या रित्या हौदाशी बसायची. होले उतरायला लागले, की हातातलं काळं फडकं हलवायची. आधी तोंडानं काही बोलायची, मग फडकं. सावंत सांगायचा, ती प्रत्येक वेळी माफी मागते. मी एकदाच ते पाहिलं, पुन्हा त्या वेळेला गेले नाही. बरेच दिवस हे चाललं. मग होले यायचे थांबले.

या सगळ्याची भरपाई करायचीच, असं मी मनाशी ठरवलं. उतरण्याच्या मार्गापासून बरंच लांब, डोंगराच्या अंगाला, मेजरनं स्वतः जागा दाखवली. कंपनीला पटवून तिथं नवा पाणवठा बांधून घेतला. सौर पंप, दगडी काठ आणि आतून तसाच उतार. फलकावर कंपनीचं नाव मोठं असणार होतं, ते करारातच होतं. त्याखाली राशिदचं नाव यावं म्हणून मी महिनाभर त्या प्रसिद्धी विभागाच्या मागं लागले आणि शेवटी ते मिळवलं. इतक्या वर्षांत कुठल्याही कामाचा मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

उद्घाटनाच्या दिवशी बू राशिद तिला पिकअपमधून घेऊन आले. तिनं फलक पाहिला, नवऱ्यानं वाचून दाखवला. हौदाच्या आतला उतार तिनं हात घालून चाचपला. मग मला जवळ बोलावून हळू विचारलं, "पैसा किसका?"

"कंपनी का, खाला. पूरा कंपनी का. आपको कुछ नहीं देना."

तिनं माझा हात थोपटला, एखाद्या लहान मुलीचा थोपटावा तसा. "अच्छा है. जानवर पिएगा, बहुत अच्छा है. लेकिन ये राशिद को नहीं पहुँचेगा, उम नायजेल. दूसरे के पैसे का पानी है."

मला त्या क्षणी राग आला होता हे लिहायला हवं. घरी गेल्यावर नायजेलला सांगितलं, तर तो फोनमधून डोकं न काढता म्हणाला, "मम्मा, यू गॉट हर अ सोलर पंप. व्हॉट मोर डज शी वॉन्ट?" तो माझ्याच मनातलं बोलला आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला ते वाईट दिसलं. दुसऱ्याचा पैसा चांगल्या कामाला लावायचा, एवढ्याच धंद्यात मी हयात घालवली. कुणाला गरज आहे, कुणाकडे पैसा आहे, दोघांची गाठ घालून द्यायची. जगात अशी एखादी गोष्ट असेल जी प्रायोजकाला करता येत नाही, हे माझ्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. टँकरचे पैसे ती नवऱ्याकडूनही का घेत नव्हती, ते मला त्या रात्री कळलं. झोप लागली नाही.

काही आठवड्यांनी सावंतचा फोन आला. नव्या पाणवठ्यापासून थोड्या अंतरावर, एका घाफच्या बुंध्याशी, कुणीतरी भाताची मोठी जुनी अॅल्युमिनियमची परात वाळूत रुतवून ठेवली होती. आत दगडांचा उतार. दर शुक्रवारी बू राशिदची पिकअप येते आणि खाला घरून आणलेला कॅन त्यात ओतते. कंपनीच्या पाण्यात तिनं आपलं पाणी मिसळलं नव्हतं. पाहणीला आलेल्या एका साहेबानं हे काय म्हणून विचारलं, तेव्हा सावंतनं त्याला सांगितलं, की कामगारांचं भांडं आहे, धुवायला ठेवलंय. मेजरला ती परात ठाऊक होती. त्यानं कधी तिचा उल्लेख केला नाही.

करार अजून चालू आहे. तो पट्टा मोकळा आहे, गोदामं दुसरीकडे झाली आणि हरणं वाढली असं पाहणीवाले म्हणतात. एवढं श्रेय मी घेते. आता मी निवृत्त आहे.

गेल्या दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मला वसईला जाता आलं नाही. त्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव दफनभूमीत असतं, कबरी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. मी नणंदेला फोन करून सांगितलं, "बेनेडिक्टला शेवंती घाल, माझ्याकडून." ती म्हणाली, "घालते ग, पैसे पाठवू नकोस, मी माझ्याकडून घालीन." ती प्रेमानंच म्हणाली होती. फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. बेनेडिक्टच्या कबरीवर त्या दिवशी माझं काहीच नसणार होतं.

मी सावंतला फोन केला. तो गाडी घेऊन आला. वाटेत मी दुकानातून पाण्याची एक मोठी बाटली घेतली, घरी डिस्पेन्सरवर उलटी ठेवतात तसली. सावंतनं पैसे द्यायला हात पुढं केला, मी तो बाजूला केला. कुठं जायचं ते मी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. बू राशिदना त्यानं वाटेतूनच फोन केला असावा, कारण आम्ही पोहोचलो तेव्हा खाला परातीशी बसून आतलं शेवाळ खरवडत होती. आता ती वाकून चालते.

बाटली पाहून तिनं विचारलं, "किसके लिए?"

"मेरा आदमी, खाला. बेनेडिक्ट."

"बनदिक," तिनं जमेल तसं म्हणून पाहिलं. "नसरानी था ना?" म्हणजे ख्रिस्ती होता ना.

"हाँ."

तिनं थोडा विचार केला. "कबूतर को क्या मालूम," ती म्हणाली. "पैसा तेरा है? बेटे का नहीं?"

"मेरा है, खाला. मेरी नौकरी का."

"तो डाल."

बाटली जड होती. सावंत धरायला पुढं आला, तर खालानं हातानंच त्याला थांबवलं. मी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी बाटली कलती करून सगळी परातीत ओतली. थोडं पाणी वाळूत सांडलं. माझ्या नवऱ्याचं नाव मी मोठ्यानं घेतलं. त्या बाईनं माझ्यामागून ते पुन्हा एकदा घेतलं, तिच्या पद्धतीनं, आणि त्याच्यापाठोपाठ राशिदचं.

मग तिनं मला हाताला धरून उठवलं आणि आम्ही दोघी लांब, गाडीच्या सावलीत जाऊन उभ्या राहिलो. माणूस जवळ असलं, की होले उतरत नाहीत.